टाकीमागचा आपटा

नवीन पनवेलमधल्या त्या सोसायटीत झाडं ओळखणारं माणूस एकच होतं, आणि ते आपणच, याबद्दल अरुंधतीबाईंना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. बाकीच्यांचा नुसता आनंद. भारद्वाजाला डोमकावळा म्हणणारे, आणि कुंपणाशी गाजरगवत फुललं की त्याच्यासोबत सेल्फी काढणारे.

दसऱ्याला या अकलेच्या कांद्यांना जोर चढे. गेटजवळच्या कांचनाची पानं ओरबाडून ते एकमेकांना सोनं वाटत फिरत. पान दुभंगलेलं दिसलं की झाला आपटा! अरुंधतीबाई मनातल्या मनात कुत्सित हसत, पण चकार शब्द काढत नसत. कारण खरा आपटा त्याच आवारात, पाण्याच्या टाकीमागे उभा होता. कर्नाळ्याच्या रस्त्यावर सापडलेल्या शेंगेतलं बी त्यांनी रुजवलं होतं, बादल्या वाहून रोप डोक्याच्या वर वाढवलं होतं. कुणी विचारलंच तर "असंच काहीतरी रानटी" म्हणून मोकळ्या होत. यंदा त्याला पहिल्यांदाच शेंगा धरल्या होत्या. त्या पिकेपर्यंत झाडाला कुणाचा हात लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि लोकांच्या अडाणीपणावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सोसायटीचा सेक्रेटरी सत्यजीत यानं 'नेचर वॉक' काढला. डोक्यावर कोरी टोपी, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीचं झाकण शेवटपर्यंत निघालं नाही. मोबाइल झाडासमोर धरायचा आणि ॲप सांगेल ते मोठ्यानं वाचायचं, हा याचा अभ्यास! वायरवर गाणाऱ्या दयाळाला ॲपनं कुठला तरी अमेरिकेतला पक्षी ठरवलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. अरुंधतीबाई फुकटची करमणूक म्हणून मागून चालत होत्या.

कांचनापाशी सत्यजीत थांबला. "सो, हा आपला आपटा. ॲपपण बॉहिनियाच दाखवतंय."

"बॉहिनिया तर आपटाही आणि कांचनही. हा कांचन आहे," बाईंच्या तोंडून निसटलं.

सत्यजीत समजूत घातल्यासारखा हसला. "काकू, तुमच्या वेळची पुस्तकं वेगळी होती. आता बॉटनी खूप पुढे गेलीये. इट्स ओके." दोघंचौघं हसली. तिसऱ्या मजल्यावरची रुचिरा जरा जास्तच हसली.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. हे शेंबडं पोर मला वनस्पतिशास्त्र शिकवणार?

"इकडे या सगळे!" वर्गावर ओरडावं तशा त्या ओरडल्या आणि ताडताड टाकीमागे गेल्या. "हे बघा. पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदी जास्त. हा आपटा! इतकी वर्षं कांचन वाटत आलात तुम्ही, आणि वर ऐट किती!"

सत्यजीतचा चेहरा उतरला. लोकांनी पुढे होऊन झाडाचे फोटो काढले. बाईंना त्या दुपारचं जेवण फार गोड लागलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी बेल वाजली. दारात नवी साडी नेसलेली रुचिरा, मागे सत्यजीत, आणि त्यांच्या मागे निम्मी सोसायटी. प्रत्येकाच्या हातात लहान, जाड पानं.

"सोनं घ्या, काकू! या वर्षी अस्सल आपटा. सगळं तुमच्यामुळे."

बाईंनी एक पान उलटून पाहिलं. "सगळ्यांना पुरला?"

"कसाबसा," सत्यजीत म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता खराखुरा आदर होता. "बी विंगवाले उशिरा आले. मग शेंडा वाकवला, तर मधूनच मोडला. शेंगा होत्या कसल्यातरी, हिरव्या. त्या काढून टाकल्या, पानं तेवढी घेतली."

त्यानं वाकून नमस्कार केला. बाईंना त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. पण सांगितलं कुणी होतं? त्यांनीच. आणि कशासाठी, तर या टोपीवाल्याचं तोंड बंद करायला. त्यांना स्वतःचीच किळस आली.

रांग जिन्यापर्यंत गेली होती. एकेक जण पुढे येऊन ओंजळीत पानं ठेवत होता, पायाला हात लावत होता, आणि अरुंधतीबाईंना प्रत्येकाला "सुखी राहा" म्हणावं लागत होतं.