गळ्यापर्यंत भरलेली बाटली

फोटो स्टुडिओत थोरल्या भावाने फर्मान सोडलं: आजचा रोल फिका निघाला, तर बहिणीने डार्करूम रिकामी करायची आणि तिथे रंगीत प्रिंटर बसवायचा. कालच्या निगेटिव्ह इतक्या फिक्या होत्या की त्यांतून पेपर वाचता आला असता. त्याला आयतंच फावलं.

"औषध मेलंय," तो म्हणाला, "पण तू कबूल करणार नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही!"

धाकट्या बहिणीने ते गिळलं. तिला आधी औषधाची बाटली बघायची होती. हवा लागली की डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं हे औषध, बिघडतं, म्हणून जेवढं काढावं तेवढ्या काचेच्या गोट्या आत टाकून पातळी वर आणायची, ही तिची शिस्त. ती तापाने घरी पडली तेव्हा या नव्या बाटलीत टाकायला एकही गोटी उरली नव्हती आणि बाटली निम्मी होती. आता ती गळ्यापर्यंत भरलेली होती. काल अशक्तपणात हे आपल्या ध्यानात आलं नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"दादा, यात काय ओतलंस?"

"पाणी," तो उपकार केल्यासारखा म्हणाला. "बाटली भरलेली पाहिजे, असं तूच बोंबलतेस ना?"

तिचं डोकं सणकलं. "म्हणजे औषध तू पातळ केलंस आणि खोली मी सोडायची? वा रे न्याय!"

"आता बोलून काय उपयोग? टाक ओतून."

"थेंबही ओतणार नाही. इथे उभा राहा आणि बघ."

तिने फिल्मचं उजेड लागलेलं टोक कापलं. सिरिंजने नेहमीचं सहा मिली औषध तीनशे मिली पाण्यात घातलं, टोकाचा एक तुकडा बुडवला आणि मोठ्याने आकडे मोजू लागली. एरवी चाळिसाला तो काळा होई. आज ऐंशी लागले. मग ताज्या पाण्यात बारा मिली घालून टोकाचा दुसरा तुकडा बुडवला. बरोबर चाळिसाला काळाकुट्ट.

"निम्मं पाणी आहे. दुप्पट घ्यायचं."

"गिऱ्हाइकाचा रोल तुझ्या अंदाजावर?"

"अंदाज कसला? तुझ्या देखत मोजलंय."

तासाभराने तिने धुतलेली फिल्म दिव्यासमोर धरली. काळे भाग दाट होते, चेहऱ्यांवरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. भावाने पुढे वाकून एकेक चौकट तपासली.

"बरा निघालाय," तो पुटपुटला. "पण प्रिंटरवाल्याला मी शब्द दिलाय."

"माझ्या खोलीचा शब्द मला न विचारता दिलास, आता तूच जाऊन मागे घे. आणि दार घट्ट लाव, मला अंधारात पुढचा रोल रिळावर चढवायचाय."

तो हलेना. तिने सरळ दिवा मालवला. दादाला भिंत चाचपडत बाहेर जावं लागलं.