मानेत अडकलेली हाक

सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी नियंत्रण कक्षाने आमच्या विमानाला खाली येण्यास सांगितले. उत्तर गेले नाही. पुन्हा हाक आली. पुन्हा शांतता.

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. वैमानिक कानांवर लावतात तो. ती हाक माझ्यातूनच येत होती. पण तेव्हा मी कॅप्टन उझैरच्या कानांवर नव्हतो, त्याच्या मानेत अडकलो होतो.

मिरजगावला हायवेलगत उझैरचे वडील नूरमहंमद ट्रॅक्टर दुरुस्त करतात. उझैरने शिकाऊ वैमानिक असताना मला घेतले. कानांवर बसणाऱ्या माझ्या गाद्या फाटल्या तेव्हा नूरमहंमदांनी ट्रॅक्टरच्या सीटचे रेक्झीन कापून नव्या शिवल्या. "इंजनाचा आवाज भायेर राहिला पायजे, मानसाचा आत आला पायजे," ते म्हणाले. पुढे उझैर स्वस्त तिकिटांच्या एका विमान कंपनीत कॅप्टन झाला. शिर्डीला उतरताना तो मराठीत सांगे, "खिडकीतून बघा, खाली आपला नगर जिल्हा." उतरताना प्रवासी त्याचे कौतुक करत.

स्वस्त तिकीट परवडायचे तर विमान जमिनीवर उभे राहून चालत नाही. एक गर्दी उतरते, झाडलोट होते, दुसरी चढते. पहाटेच्या ड्युट्या एकामागून एक लागत गेल्या. त्या दिवशी उझैरने ड्युट्या लावणाऱ्या वैजनाथला फोन केला.

"आज झोप झालेली नाही. दुसरा कोणी बघ."

"सर, माणूसच नाही. विमान फुल्ल आहे. शिर्डीची एवढी फेरी मारा, उद्या सुट्टी."

"तुझा उद्या गेल्या आठवड्यापासून येतोय, वैजनाथ."

उझैर हसला आणि निघाला.

आकाशात सहवैमानिक निकिताचे डोळे मिटू लागले. एकाने जागे राहायचे आणि दुसऱ्याने थोडी डुलकी घ्यायची, अशी मुभा असते. मात्र केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना ते आधी कळवायचे असते.

"सर, दहा मिनिटं पडू का?"

"पड. घोरलीस तर मात्र अनाउन्समेंट करीन."

केबिनमध्ये कळवायचे राहिले. तिची झोप मोडू नये म्हणून उझैरने समोरचा रेडिओचा स्पीकर बंद केला. तिने आपला हेडसेट काढून ठेवला. आता नियंत्रण कक्षाचा आवाज फक्त माझ्यातून येत होता. थोड्या वेळाने उझैरचीही मान खाली गेली. माझी पकड सैल झालेली होती. मी घसरलो.

हाका येत राहिल्या. त्या त्याच्या कॉलरमध्ये विरत गेल्या. विमान शिर्डी ओलांडून सरळ दक्षिणेला निघाले.

त्याच वेळी मिरजगावात उझैरची आई बिबीजान गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. तिने शेजारच्या रतनबाईंना वर बोट करून दाखवले. "ते बघ, माझ्या उझैरचं इमान."

"तुजं काय बाई! कावळा उडाला तरी उझैरचाच!"

हे मला नंतर, घरी आल्यावर कळले. त्या दिवशी ते विमान खरोखरच त्याचे होते.

उतरण्याची सूचना अजून का येत नाही, म्हणून केबिन सांभाळणाऱ्या संस्कृतीने आतल्या फोनचा बझर दाबला. दोघे दचकून उठले. विमान वळले आणि सुखरूप उतरले. प्रवाशांना फक्त उशीर झाल्याचे कळले.

चौकशी सुरू आहे. उझैरला उड्डाणापासून दूर ठेवले आहे. परवाना राहतो की जातो, हे ठरलेले नाही. त्या सकाळी त्याने फोन केला होता, हे त्याने सांगितले आहे. असा फोन आपल्याला आठवत नाही, असे वैजनाथ म्हणतो. तो मिरजगावच्या घरी आला आहे आणि मी तिथेच खिळ्याला टांगलेला आहे. बिबीजान आता विमानाचा आवाज आला की गच्चीवरून खाली येते.

मित्रांनो, माझ्या गाद्या रेक्झीनने नव्या होतात. माणसाच्या झोपेला तसे ठिगळ लागत नाही. कोणी थकलो म्हणाला, तर त्याचे तेव्हाच ऐका.

आज दुपारी कंपनीचा फोन आला. दोनदा वाजला. उझैर झोपला होता. नूरमहंमद म्हणाले, "उठीव त्याला, निकाल लागला आसंल."

बिबीजानने फोन उशीखाली सरकवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "झोपलाय."