मावंद्याआधी उघडलेला गडू

मी गंगेचा गडू बोलतो आहे. रुळांवरून घसरलेल्या त्या गाडीत मी मावंद्याआधीच उघडला गेलो. माझ्यातले पाणी दोघी प्यायल्या आणि त्या दोघी जिवंत परतल्या. माझा त्या घटनेशी संबंध एवढाच.

काशीच्या घाटाजवळ मला गंगाजलाने भरून, कथलाचा डाख देऊन माझे तोंड बंद केले. डिंगोऱ्याच्या सारजाबाईंनी मला घेतले, ते सासूबाई साळुबाईंसाठी. शेवटच्या घटकेला गंगा तोंडात पडावी, एवढेच त्यांनी मागितले होते. यात्रेहून परतल्यावर मावंद्याचे जेवण घालायचे आणि तेव्हा माझी पूजा करायची. तोवर मला उघडायचे नाही, अशी रीत आहे. परतीच्या गाडीत त्यांच्या धाकट्या जाऊबाई, ठकूबाई, मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

भर दुपारी चाकांचा ठेका तुटला. खडीवर लोखंड घासल्याचा भयंकर आवाज आला आणि जिथे छत होते तिथे खिडक्या आल्या. मग धूळ आणि अंधार. सुरुवातीला पुष्कळ माणसे हाका मारीत होती. हळूहळू हाका कमी होत गेल्या. मला त्या शांततेचीच अधिक भीती वाटली.

ठकूबाईंचे पाय बाकाखाली अडकले होते. "आक्का, पाणी..."

सारजाबाईंनी मला चाचपून शोधले, लोखंडी कोपऱ्यावर आपटून माझे तोंड फोडले आणि जावेच्या ओठांना लावले. ठकूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"गंगा पाजतीस व्हय? मी मेली काय गं आक्का?"

"मरतीस कशाची! लई वर्सं छळायचंय तुला मला अजून. पी."

"न्हाई. आदी तू पी."

सारजाबाई प्यायल्या. त्यांचे दात माझ्या काठावर वाजत होते. मग ठकूबाई प्यायल्या. पलीकडूनही कुणी पाणी मागत होते. सारजाबाईंनी मला तिकडे धरले. पण तिकडून हात पुढे आला नाही.

आता मी देव्हाऱ्यापाशी आहे. अर्धा रिकामा, तोंडाला फडके बांधलेला. रस्त्याने ट्रॅक्टर खडखडला तरी माझ्यातले पाणी थरथरते. ठकूबाई माझ्याकडे पाहत नाहीत.

काल मावंद्याचे ठरवायला घरचे सगळे बसले. "फुटक्या गडूचं मावंदं असतं व्हय?" ठकूबाईंचे पती रखमाजी म्हणाले.

"असतं," साळुबाई कडाडल्या. "आन् उरलंय ते माझ्यापायी ठेवू नगा. रोज माझ्या मरणाची वाट बघत बसंल ते. माठात वता, समदी प्या."

रखमाजींनी ते मान्य केले, सारजाबाईंनीही. ठकूबाईंनी सर्वांत शेवटी होकार दिला. अट एकच, पहिला पेला आक्कांनी प्यायचा.