केसरबाईंचं बोट

कडांच्या घरात आजवर जमिनीवरून भांडणं झाली, लग्नातल्या मानपानावरून झाली, एकदा तर शर्यतीच्या बैलावरून दोन चुलत घरांचं बोलणं बंद पडलं. पण मलमात औषध घालायचं की नाही, यावरून घर डोक्यावर घेण्याची वेळ त्या दसऱ्यालाच पहिल्यांदा आली.

दौलतराव कड म्हणजे चाकणचा जुना शेतकरी गडी. रस्त्याकडेची जमीन कंपन्यांना गेली तेव्हा भाऊबंदांनी मोठाल्या गाड्या घेतल्या, यांनी शेड टाकली. तेव्हापासून ते दुसऱ्यांसाठी क्रीम आणि शाम्पू बनवून देत होते. माल यांचा, घाम यांचा आणि डबीवर नाव भलत्याचंच. ही गोष्ट त्यांना आतून खायची. शेवटी एकदाचं त्यांनी मनावर घेतलं की आता आपली स्वतःची एक वस्तू काढायची आणि तिला नाव द्यायचं आईचं. ‘केसरबाईंचं मलम’.

हे मलम काही नवं नव्हे. केसरबाई तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायच्या, पाणी घालून तांब्याच्या बुडाने घोटत राहायच्या, पाणी बदलायच्या, पुन्हा घोटायच्या. शंभर पाणी दिल्यावर तूप लोण्याहून पांढरं आणि हलकं व्हायचं. मग त्यात कोरफडीचा गर आणि चिमूटभर हळद. कांदे काढणाऱ्या बायकांचे हात, पोरांचे गुडघे, ज्याचं जे फुटलं असेल त्याला केसरबाईंच्या वाटीतलं बोटभर मलम ठरलेलं.

डबीवर छापायला म्हणून केसरबाईंचा फोटो काढला. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात परात. फोटो बघून सगळे खूश झाले. फक्त फोटोवाल्याने हळूच सांगितलं की आजींचे पाय फोटोतून कापलेत, टाचांना लई भेगा आहेत, मलमाच्या डबीवर बरं दिसत नाही. दौलतराव म्हणाले, बरं केलंस. आणि विसरून गेले.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं. मग दिग्विजयने तोंड उघडलं. दिग्विजय म्हणजे दौलतरावांचा थोरला, मॅनेजमेंट शिकून आलेला, धंद्याची जाहिरात बघायचा. त्याचं म्हणणं, डबीवर फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहायचं, ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’.

“अण्णा, लोक आता मोबाइलवर बघून घाबरलेत,” तो वडिलांना म्हणाला. “डबी उलटी करून वाचतात. एखादं अवघड नाव दिसलं की खाली ठेवतात. आजीच्या मलमात केमिकल आहे म्हटल्यावर कोण घेणार?”

त्याचं बोलणं काही उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण लॅब सांभाळायची दिपाली, आणि डबा बाहेर जायचा तो तिची सही झाल्यावर. दिपाली मूळची बीडकडची, वडील भोसरीत लेथवर, घर दापोडीला. बोलायची कमी, आणि बोलली की तिला खोडता यायचं नाही. तिचा हा गुण दौलतरावांना फार आवडायचा, समोर दुसरा कुणी असेल तेव्हा.

“यात पाणी आहे, कोरफड आहे,” दिपाली म्हणाली. “जिथं ओल तिथं बुरशी. टिकवायला काहीतरी घालावंच लागतं. ज्याच्या नावाने लोक घाबरतात ते मी घेतच नाही. दुसरं सौम्य घेते, तेही नियमात बसेल तेवढंच.”

“पण लोकांना नैसर्गिक पाहिजे,” दिग्विजय म्हणाला.

“बुरशी पण नैसर्गिकच असते, दिग्विजय सर.”

मिक्सरवरचा नवनाथ तोंड फिरवून हसला. दिग्विजयचे कान लाल झाले आणि तो धावला थेट आजीकडे. केसरबाई पडल्या नातवाच्या बाजूच्या.

“आमी कवा घातलं व्हतं औषध?” त्या दिपालीला म्हणाल्या. “साऱ्या वाडीनं लावलं माझं मलम. कुणाला काय झालं? कवा नासलं न्हाई ते.”

“आजी, ते घरात किती दिवस राहायचं?”

“ऱ्हातंय कुठलं. वाटी भरली की दोन-तीन दिसांत चाटूनपुसून साफ.”

“म्हणूनच नासलं नाही. आता ते दुकानात उन्हात पडून राहणार, मग कुणाच्या तरी घरात सहा महिने,” दिपाली म्हणाली, आणि दौलतरावांकडे वळली. “अण्णा, बिनऔषधाच्या डबीवर मी सही करणार नाही. तुम्हाला तशीच पाठवायची असेल तर दुसरं कुणी बघा.”

झालं. दौलतराव पुरते कात्रीत सापडले. एकीकडे मुलगा आणि आई, दुसरीकडे ही पोर, जिच्या भरवशावर ते रात्री शांत झोपायचे. त्यांना तिला घालवायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना खरी भीती होती ती वेगळीच. समजा, कुणी डबी उघडली आणि आत बुरशी निघाली, तर झाकणावर नाव कुणाचं? आईचं. सगळा गाव म्हणणार, केसरबाई नासली. त्या विचाराने जेवण जाईना.

पंच म्हणून चार माणसं बसवण्याची घराण्याची रीत होती, पण मलमाचा न्याय कोण करणार? दौलतरावांनीच तोडगा काढला. नवनाथकडून दोन छोटे घाणे काढून घेतले. एकच तूप, एकच कोरफड, फरक फक्त औषधाचा. बिनऔषधाचं मलम पिवळ्या झाकणाच्या डबीत, औषधाचं लाल झाकणाच्या. दोन्ही डब्या वसुबारसेपर्यंत कपाटात बंद. त्या दिवशी सगळ्यांसमोर केसरबाईंनी उघडायच्या, आणि त्या बोट ठेवतील ती डबी बाजारात जाईल.

“एवढ्यात कळणार नाही, अण्णा,” दिपाली म्हणाली. “न उघडलेली डबी महिनाभर चांगलीच दिसेल. खरी परीक्षा वेगळी असते. त्यात जंतू मुद्दाम सोडतात आणि बघतात, मलम त्यांना पुरून उरतं का.”

“मुद्दाम जंतू?” दिग्विजय म्हणाला. “माझ्या आजीच्या मलमात?”

दौलतराव म्हणाले, ठरलं ते ठरलं. दिपालीचा चेहरा पडला. ती हरणार हे तिला दिसत होतं.

डब्या कपाटात जायच्या आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे शेडमध्ये कुणी काम करत नाही, पूजा होते. मिक्सर पुसून त्याला झेंडूच्या माळा घातल्या, वजनकाट्याला हळदीकुंकू लावलं, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मधोमध पाटावर नव्या मालाचा मान म्हणून त्या दोन डब्या मांडल्या. पुरुष मंडळी दाराशी नारळ फोडण्यात दंग होती, पेढे फिरत होते, आणि पाटापाशी केसरबाई एकट्याच पंचामृताची वाटी घेऊन बसल्या होत्या. दसऱ्याला दौलतरावांनी डब्या उचलल्या, झाकणांवर चिकटपट्टी मारली, कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि चावी कडदोऱ्याला बांधली. आंघोळीलासुद्धा ती त्यांच्या कमरेलाच.

वसुबारसेला दुपारी गाय-वासराची पूजा उरकून सगळे शेडमध्ये जमले. पॅकिंगच्या बायका, नवनाथ, चार भाऊबंद, झालंच तर शेजारच्या शेडवाले. दिग्विजयने नवा कुडता घातला होता. मोबाइल लावून तो शूटिंगला तयार. दिपाली मागे, पर्स खांद्याला. दौलतरावांची नजर त्या पर्सवरच अडकली. पोर निघायच्या तयारीनेच आलेली दिसत होती.

कुलूप निघालं, चिकटपट्टी निघाली. केसरबाईंनी आधी पिवळं झाकण फिरवलं.

आत केस उगवले होते. हिरवट, काळपट, मधेच कुठे गुलाबी झाक, आणि वास असा की पुढचे भाऊबंद मागचे झाले. केसरबाईंनी लाल झाकण उघडलं. आतलं मलम फिकट पिवळं, स्वच्छ, जणू कालच घोटलेलं.

दिग्विजयने मोबाइल खाली घेतला. “हे शक्यच नाही. तूच म्हणालीस ना, महिनाभर कळणार नाही? मग एवढ्यात कसं झालं? कुणीतरी काहीतरी घातलंय यात.”

त्याने नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना दिपालीकडे वळल्या. तिचा चेहरा उतरला. जंतू मुद्दाम सोडतात, हे तीच बोलली होती.

“चावी माझ्या कमरेला होती,” दौलतराव म्हणाले. त्यांनी दोन्ही डब्या दाराच्या उजेडात नेल्या, चष्मा चढवला. आणि त्यांना दिसलं की लाल झाकणाच्या डबीतही, अगदी कडेला, बोटाएवढा खळगा होता. खळग्यात हळद आणि कुंकू.

“आई,” ते म्हणाले, “डबीच्या आत कुंकू कुठून आलं?”

“कुठून येतंय? म्या लावलं,” केसरबाई म्हणाल्या. “खंडेनवमीला. मशिनीला लावलं, काट्याला लावलं, मग ज्येच्यावर माझं नाव हाय त्येला नगं? झाकणावर लावून काय उपेग. उघडलं, बोट बुडवून हळदकुंकू लावलं, वरून पंचामृताचा थेंब सोडला. दोन्हीला सारखंच. म्या दुजाभाव केला न्हाई.”

मग दिपालीच खुदकन हसली, आणि थांबेचना. पर्स खांद्यावरून घसरून खाली पडली.

“आजी,” ती कशीबशी म्हणाली, “लॅबवाले पैसे घेऊन जे करतात, ते तुम्ही दही, दूध आणि मध घालून केलंत.”

“पण हे फाउल आहे,” दिग्विजय म्हणाला. “पंचामृत घातल्यावर कुठलंही मलम नासणारच.”

“कुठलंही नाही,” दौलतराव म्हणाले आणि लाल झाकणाची डबी त्याच्या नाकापुढे धरली.

“आणि दिग्विजय सर, मलम घेणार कोण?” दिपाली म्हणाली. “पीठ मळता मळता उठणारी, बाळाचं दूध सांडलेली, पूजेतून येऊन डबीत बोट घालणारी. आजींचा हात म्हणजेच आपलं गिऱ्हाईक.”

दिग्विजयने पिवळ्या डबीकडे पुन्हा पाहिलं. पोरगा हट्टी खरा, पण खोटा नव्हता. “चुकलं माझं,” तो दिपालीला म्हणाला. “मघाशी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो.” मग जरा घुटमळून म्हणाला, “घालू औषध. पण लेबलवर त्याचं नाव जरा बारीक टाकू?”

“का रं?” केसरबाई कडाडल्या. “चोरी केलीया का आपण? मोठं लिव. माझ्या नावाखालीच लिव.”

तिथल्या तिथे खडूने मिक्सरच्या पत्र्यावर मजकूर ठरला. ‘हे टिकावं म्हणून यात मोजून औषध घातलं आहे. केसरबाईंनी स्वतः बोट घालून बघितलं आहे.’ वाचून बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दिग्विजय आधी कपाळाला हात लावून बसला, मग म्हणाला की राव, हे तर चालेल. दिपालीने मात्र एक अट घातली. आजींची परीक्षा झाली ती झाली, रीतसर परीक्षेला माल बाहेरच्या लॅबमध्ये जाईल आणि तिथून पास होऊन आला की मगच ती सही करेल. दौलतराव म्हणाले, “पोरी, तू असल्यावर मला घाई नाही.” तिने खाली पडलेली पर्स उचलली आणि आत लॅबमध्ये नेऊन खुंटीला अडकवली.

माल पास होऊन आला तोवर थंडी पडली होती. दिपालीने सही केली, आणि पहिली डबी दौलतरावांनी खिशात घालून घरी आणली. केसरबाई अंगणात उन्हाला पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी डबी हातात घेतली, आपला फोटो बघितला आणि लगेच हाक मारायला लागल्या. नातसुनेचे हात फुटलेत, तिला दे. शेजारची कौशल्याबाई परवा मागत होती.

दौलतराव त्यांच्या पायापाशी बसले. तेव्हा कुठे त्यांना फोटोतून कापलेले ते पाय दिसले. वाळलेल्या मातीसारख्या टाचा, भेगा बोट जाईल एवढ्या.

“आई, साऱ्या वाडीला मलम लावलंस. तुझ्या टाचा अशा का?”

केसरबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले. “माझ्यापत्तुर येईस्तवर वाटी सपायची. कवा उरलंच न्हाई, बाबा.”

लहानपणी त्या वाटीत शेवटचं बोट घालणारे तेच होते. त्यांनी आईचा पाय ओढून मांडीवर घेतला, तिने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला तरी सोडला नाही. डबी उघडली, भरपूर मलम घेतलं आणि सावकाश, एकेका भेगेत बोट फिरवत लावायला लागले. केसरबाई आधी लाजल्या, मग कुरकुरल्या, मग डोळे मिटून मागे भिंतीला टेकल्या.

“लई लावू नगं,” त्या म्हणाल्या. “संपंल.”

“संपू दे. आणि नाही संपलं तरी नासत नाही,” दौलतराव म्हणाले. त्यांनी झाकण लावलं आणि आत जाऊन डबी आईच्या उशाशी, कोनाड्यात, तिच्याच हाताला येईल अशी ठेवली.