रिकाम्या नळीतली टेकडी

धाकट्या दिराची हुशारी किती पाण्यात आहे, हे वहिनीला लग्नापासून ठाऊक होतं. नशीब असं, की तोच तिच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होऊन बसला.

तिचं काम मोजमापाचं. युरेनियमच्या संयुगाचा बारीक तुकडा नळीत टांगायचा, चुंबकी क्षेत्रात थंड करत न्यायचा आणि त्याचं चुंबकत्व किती बदलतं ते टिपायचं. इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला चिकटून बसलेत की स्फटिकभर भटकताहेत, हे त्यावरून कळतं. यंदा आलेखात पन्नास केल्विनजवळ, म्हणजे शून्याखाली सव्वादोनशे अंशांच्या आसपास, एक टेकडी उगवली आणि दिराचे पाय जमिनीवर ठरेनात.

"इलेक्ट्रॉनांची नवी अवस्था, वहिनी!"

"भावजी, नळीत हवा शिरलीय. तिच्यातला ऑक्सिजन गोठतो, आणि तो चुंबकी असतो. टेकडी त्याची आहे."

"तुम्ही यंत्र चालवा. अर्थ लावायला आम्ही आहोत."

आम्ही! नळीचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं ते माहीत नाही, आणि म्हणे अर्थ लावणार. तिने तुकडा काढून घेतला आणि नुसती रिकामी नळी मोजली. टेकडी जागच्या जागी. तो आलेख तिने व्याख्यानाच्या दिवशी सकाळीच त्याच्या हातात दिला. त्याने न बघता घडी घालून खिशात कोंबला.

व्याख्यान रंगलं. शेवटी पाहुण्या म्हणून आलेल्या वयस्क शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "रिकामी नळी मोजलीत का?"

"आमच्या मॅडमकडून राहिलं असेल," दीर वहिनीकडे बोट दाखवत हसत म्हणाला.

अंगाशी आलं की दुसऱ्यावर ढकलायचं, लहानपणापासूनची खोड. ती उठली.

"राहिलेलं नाही. टेकडी तिथेही आहे. आलेख सकाळपासून साहेबांच्या खिशात आहे."

त्याचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने नळीच्या झाकणाची झिजलेली, हवा आत सोडणारी रबरी कडी बदलली, तुकडा पुन्हा टांगून मोजला. टेकडी गायब. थंडी वाढली तशी रेघ चढायची थांबून आडवी झाली. इलेक्ट्रॉन अणूंना चिकटलेले असते तर ती चढतच गेली असती; म्हणजे ते भटकेच, नवं काही नाही. पाहुण्या बाईंनी तो निकाल मुद्दाम मागवून घेतला.

दुपारी दीर दारात घुटमळला. गळती कशी सापडली, एवढं तरी विचारील, असं तिला वाटलं.

"दादाला काही सांगू नका हं," तो पुटपुटला.

"सरका," ती म्हणाली, "उजेड अडतोय." आणि पुढचा तुकडा चिमट्यात धरला.