पतंगांची आठवण ठेवणारा डबा

मानवजातीची सारी प्रगती स्मरणशक्तीवर उभी आहे. आमच्या उंद्रीत मात्र ही शक्ती रोज सकाळी दहाला जात असे, कारण दहाला लाइट जायची.

माणिकरावांच्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी येतेय का, हे ओळखायला त्यांची पुतणी समता हिने एक डबा बनवला होता. माणिकरावांनी रोज सकाळी शेतातल्या सापळ्यात अडकलेले या अळीचे पतंग मोजून आकडा डब्यात टाकायचा. सलग तीन दिवस आठाच्या वर पतंग निघाले, की डब्याने 'फवारणी करा' असं बोलायचं. आतल्या चिपवर जावास्क्रिप्ट चालवणारं छोटं इंजिन होतं. सारे आकडे तिथे एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे चिपच्या तात्पुरत्या आठवणीतल्या कप्प्यात, राहत, आणि लाइट गेली की ऑब्जेक्ट पुसला जाई. त्यामुळे डब्याला रोज पहिलाच दिवस वाटे. 'काळजी नको,' तो म्हणे. माणिकराव नवव्या दिवशीही निश्चिंत होते.

त्यांच्या पत्नी कलाबाईंनी एक बोंड फोडून समतापुढे ठेवलं. आत अळी होती.

"तुह्या डब्याले दाखव. खालची बोंडं तं गेली. वरची तरी वाचली पाह्यजे."

समता ओशाळली. ऑब्जेक्टचा मजकूर करून तो चिपच्या कायमच्या मेमरीत लिहायचा आणि लाइट आल्यावर परत वाचायचा, अशी सोय तिने केली. मागच्या तीन दिवसांचे आकडे माणिकरावांना विचारून भरले, पिन काढली, लावली. डब्याने नऊ, अकरा, चौदा बिनचूक दाखवले आणि गप्प बसला.

"काऊन बोलत नाही हा?" माणिकरावांनी विचारलं.

"मोठेबाबा, मजकुरात नुसते आकडे उतरतात. इशारा द्यायचं फंक्शन उतरत नाही. त्याले सारं याद हाय, पण त्याचं कराचं काय, ते माहीत नाही."

"म्हणजे थेट तुह्या मोठ्याबाबावर गेला," कलाबाई म्हणाल्या.

माणिकराव अळीकडे फार बारकाईने पाहू लागले.

समताने मग फंक्शन मूळ स्क्रिप्टमध्येच ठेवलं. डबा जागा झाला, की इशारा देणं शिकलेला नवा ऑब्जेक्ट आधी बनवायचा आणि जुने आकडे मागाहून त्यात ओतायचे. पुन्हा पिन काढली, लावली.

"तीन दिवस झाले. फवारणी करा," डबा म्हणाला.

माणिकराव सेनापतीसारखे उठले. कोपऱ्यातला फवारणीचा पंप पाठीला लावून दारापर्यंत गेले आणि वळले.

"समता, तुह्या अवजाराच्या पेटीत एखांदं रबराचं वायसर असन तं पाह्य ना. पंप कधीचा गळून राह्यला."