बाराव्या मिनिटाला

आमचा कॉम्प्युटर बाराव्या मिनिटाला बंद पडायचा. दहाव्याला नाही, पंधराव्यालाही नाही. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. प्रोसेसर किती तापलाय ते सांगणारा एक आकडा माझ्या मैत्रिणीने, प्रणालीने, पडद्याच्या कोपऱ्यात बसवून दिला होता. तो साठ, सत्तर, पंच्याऐंशी असा चढत जायचा, शंभराला टेकायचा आणि पडदा काळा. पंख्याची घरघर बंद. खोली एकदम शांत. आणि त्या शांततेत माझी हफ्सा तशीच पडद्याकडे बघत बसलेली, जणू तिच्या दृष्टीने फक्त चित्र गेलंय, आवाजाचं काही नाही.

हफ्सा तीन वर्षांची. दोन्ही कानांना ऐकायची मशिनं लागून पाच महिने झाले होते. त्याआधी आम्हाला काही कळलंच नाही. नणंदेच्या लग्नात बेंजोवाले अगदी मांडवाच्या तोंडाशी वाजवत होते आणि ही माझ्या मांडीवर गाढ झोपलेली. सगळ्या बायका म्हणाल्या, "काय गुणाची पोर आहे!" मीही खूश झाले. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलेली मी, आणि मला वाटलं मुलगी गुणाची आहे. तेव्हापासून मी सगळ्यावर नजर ठेवते. ती झोपली तर नजर, ती हसली तर नजर.

त्या दिवशी दुपारी तीनला मुंबईच्या सोनल मॅडम व्हिडिओवरून तिच्या ऐकण्याची तपासणी घेणार होत्या. चाळीस मिनिटांची. मागच्या महिन्यात दोनदा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा कॉम्प्युटरने बाराव्या मिनिटाला मान टाकली. कागदावर शेरा पडला: तपासणी अपूर्ण. आता शनिवारी डॉक्टर बसून ठरवणार होते की मशिनं पुरेत, की डोक्याचं हाड कोरून आत तार घालायची. नवा कागद नसेल तर ते जुनाच धरणार, आणि मशिनं लागण्याआधीच्या त्या कागदात पोरीला बारीक आवाज येतच नाहीत असं लिहिलेलं. मोबाईल चालणार नव्हता. त्याच्या स्पीकरमधून बारीक आवाज धड निघत नाहीत, शिवाय मोबाईल दिसला की हफ्सा तो हिसकावून घेते. मॅडमनी दोन स्पीकर कुरिअरने पाठवले होते, ते जोडायला हाच एक डबा. अरमानने कॉलेजात असताना घेतलेला. अरमान, माझा नवरा, आता कुवेतला.

सकाळी मी प्रणालीच्या दुकानात गेले. ती कॉलेजातली मैत्रीण, मुरुडच्या बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान चालवते. दाखल्यांचे दिवस, बाहेर रस्त्यापर्यंत रांग.

"मी आले असते गं, पण ही गर्दी बघ," असं म्हणत तिने ड्रॉवरमधून एक छोटी ट्यूब काढली. "प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये ही पेस्ट असते. तुझी वाळून खडू झाली असणार. आधी मशीन पाच मिनिटं चालव म्हणजे ती सैल पडेल. मग बंद कर, वायर काढ, पंखा उचल, पूस, नवी लाव."

"आणि माझ्या हातून मोडला तर?"

"मेहेक, पोर जन्माला घातलीस ना? हे त्याच्यापेक्षा सोपं आहे. तांदळाच्या दाण्याएवढी लाव. जास्त नको. अडलीस की फोन कर."

घरी आले तेव्हा अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई फिरोजा, ओटीवर कोलंबी सोलत होत्या. त्यांनी हात धुतले आणि काही न विचारता बॅटरी घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. हफ्सा पलीकडे बटणांच्या डब्याशी खेळत होती. मी पाच मिनिटं मशीन चालवलं, बंद केलं, वायर काढली, बाजूचा पत्रा सरकवला.

आतून वास आला. जळकट नाही. गोड, जड, ओळखीचा.

"हा तर लोबानचा धूर," अम्मी म्हणाल्या.

मी बॅटरी जवळ धरली. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात, उभ्या, एकीला एक लागून. त्यांच्यामधून वारा जातो. आमच्या पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर तपकिरी घोंगडीचा तुकडा बसला होता. धूळ, केस, आणि त्यात भिनलेला चिकट राळेचा थर.

"अम्मी, तुम्ही लोबान कुठे फिरवता दर जुमेरातीला?"

"सगळ्या घरात फिरवते." मग आवाज खाली गेला. "याला जरा जास्त देते."

"याला?"

"अगो, अरमानचं तोंड यातूनच तर दिसतं मला! नजर नको लागायला म्हणून लोबानदानी इथे, या जाळीला लावून धरते. आणि हा धूर कसा ओढून घ्यायचा बाय, सगळाच्या सगळा! मला वाटायचं, दुवा कबूल करतोय."

मला राग आला. अरमान कुवेतला गेल्यापासून, दर गुरुवारी. तोंडात शब्द तयार होते, पण अम्मींकडे बघितलं तर त्या बॅटरी धरून त्या घोंगडीकडे अशा बघत होत्या, जशी मी हफ्साच्या कानांचं कळलं त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावरच्या आलेखाकडे बघत होते.

"म्हणजे हफ्साची परीक्षा मीच बुडवली," त्या म्हणाल्या.

"अजून बुडाली नाही. दीड वाजलाय. बॅटरी नीट धरा."

पंख्याला चार कोपऱ्यांत चार काळ्या कळा होत्या, प्लास्टिकच्या खुंट्यांसारख्या. प्रत्येक पाव फेरा फिरवायची, वर ओढायची. पंखा हलेना. प्रणालीने सांगितल्याप्रमाणे मी तो जरासा डावी-उजवीकडे मुरगळला. मग 'चर्र' झालं आणि तो हातात आला.

खाली तो होता. प्रोसेसर. त्याच्यावर वाळलेला पांढरा चुना, ठिकठिकाणी भेगा पडलेला. अम्मींना इन्सुलिनच्या इंजेक्शनसाठी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या लागतात, त्यांचं पाकीट मी फोडलं. एका पट्टीत चुना गेला, दुसरीत डाग गेले, तिसऱ्या पट्टीला खालून बारीक अक्षरं वर आली आणि तो आरशासारखा चमकला. माझ्या कपाटाच्या कुलपापेक्षाही लहान चौकोन. बॅटरीचा उजेड त्यावरून उडून छपरावर जाऊन बसला.

"एवढासाच?" अम्मी म्हणाल्या. "याच्यात माझा अरमान मावतो?"

"अरमान, मॅडम, माझी मार्कशीट, तुमचं आधार, सगळं."

"कशाचा असतो गो हा?"

"वाळूचा."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. "खरंच," मी म्हटलं. "वाळूतून एक पदार्थ काढतात, वितळवून शुद्ध करतात, त्याची चकती कापतात, आणि त्यावर रेघा कोरतात. केसाच्या जाडीत अशा शेकडो मावतील. या चौकोनाच्या पोटात करोडो बारीक दारं आहेत, अम्मी. सेकंदात अब्जावधी वेळा उघडतात, मिटतात."

हे मी कॉलेजात शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं. पण त्या क्षणापर्यंत मला ते खरं वाटलं नव्हतं. जमिनीवर मांडी घालून बसलेली मी, बोटाला चुना, आणि समोर तो एवढासा. डॉक्टरांनी कानाच्या आतला शंख दाखवला होता तेव्हा असंच झालं होतं. वाटाण्याएवढा शंख, त्यात हजारो केस, आणि माणसाचं ऐकणं म्हणजे ते केस हलणं. मी तेव्हा इतकी रडत होते की थक्क व्हायचं राहून गेलं होतं. ते आता झालं.

"सुभानअल्लाह," अम्मी हळूच म्हणाल्या, आणि ओढणीचा पदर नाकाला लावला. आपला श्वास त्याच्यावर पडू नये म्हणून.

आता पात्या. ब्रशने वरची घोंगडी निघाली, पण मधल्या फटींतली राळ हलेना. पाण्याने लोबान विरघळत नाही; स्पिरिटने विरघळतो. एवढी केमिस्ट्री माझ्याकडे होती. पण फटीत जाणार काय? काडी जाड, सुई टोचते. अम्मी उठल्या, आपल्या पेटीतून सुरमादाणी घेऊन आल्या. सुरम्याची पितळी सळई, टोकाला गोल, गुळगुळीत. तिला स्पिरिटचा कापूस गुंडाळून त्यांनी पहिल्या फटीत घातली. डोळ्यात सुरमा घालतात तशीच, न टोचता, आतून बाहेर एकच ओढ. सळई तपकिरी होऊन आली. खाली चांदी दिसली.

"द्या मी करते," मी म्हटलं.

"तू नको. माझा गुन्हा, मीच धुणार."

त्यांनी एक-एक फट केली. किती असतील? साठेक. मी पाकिटांमागून पाकिटं फोडत होते, खोलीभर दवाखान्याचा आणि लोबानचा मिळून असा वास की मला एकाच वेळी इंजेक्शन आणि फातेहाची दुवा आठवत होती. सव्वादोनला पात्यांमधून पलीकडची हफ्सा दिसायला लागली, बारीक-बारीक पट्ट्यांत कापलेली.

मी ट्यूब उघडून प्रणालीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"तांदळाचा दाणा," तिने आठवण दिली.

"कुठचा तांदूळ?" अम्मी मध्येच. "बासमती का आपला?"

पलीकडे रांगेतलं कोणीतरी हसलं. "आपला जाडा, काकी. आमच्या गावचा."

मी मधोमध दाणा ठेवला. पंखा बसवला. कळा दाबल्या. वायर लावून बटण दाबलं. आकडा आला: बावन्न. सत्तर. चौऱ्याऐंशी. दोन मिनिटं झाली नव्हती.

"प्रणाली, वाढतोय! आधीपेक्षा वाढतोय!"

"बंद कर. ओरडू नको. कळा दाबताना टक् असा आवाज येतो. किती टक् ऐकलेस?"

मला आठवेना. माझं, जिची प्रत्येक गोष्टीवर नजर असते तिचं, आवाजाकडे लक्षच नव्हतं.

"तीन," अम्मी म्हणाल्या. "मी मोजले."

"मग एक पाय अधांतरी आहे. पंखा तिरका बसलाय. ती कळ उलटी फिरवून परत दाब. जोरात."

वायर काढली. मागच्या कोपऱ्यातली कळ होती. मी दाबली, सरकली. परत दाबली, अंगठा पांढरा पडला. पावणेतीन. अम्मींनी माझा हात बाजूला केला. चिंबोऱ्यांचे आंगडे, त्या जाड नांग्या, दातांशिवाय फोडणारा त्यांचा अंगठा. त्यांनी डोळे मिटले, दाबलं.

टक्.

आकडा या वेळी एकोणचाळीसवर उघडला आणि सत्तेचाळीसवर जाऊन थांबला. मी बघत राहिले. तो सत्तेचाळीसच. "आता खिडकी उघडी ठेव, वारा लागू दे त्याला," प्रणाली म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी तपासणीच्या वेळी आम्ही खिडक्या लावून घेतो. त्या दिवशी मागची उघडी ठेवली. छताचा पंखा तेवढा बंद केला.

तीनला सोनल मॅडम आल्या. हफ्सा खुर्चीवर, हातात कपड्याचं बटण, समोर पत्र्याचा डबा. आवाज आला की डब्यात बटण टाकायचं, हे तिला शिकवलेलं. मॅडमनी तोंडासमोर कागद धरला, ओठ दिसू नयेत म्हणून.

"आ." बटण पडलं. "ऊ." पडलं. "ई." "म."

अकरावं मिनिट. मी हफ्साकडे बघावं की आकड्याकडे, कळेना. बारावं. आकडा एकोणसाठ. अम्मींचे ओठ हलत होते, बोटांवर काहीतरी मोजत होत्या. तेरावं मिनिट आमच्या घरात त्या कॉम्प्युटरने पाच महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं.

"श." थोडा वेळ गेला. बटण पडलं.

"स."

काही नाही. हफ्सा माझ्याकडे बघत होती. मी चेहरा दगडासारखा ठेवला. तिला माझ्या चेहऱ्यावरून उत्तर मिळायला नको, अशी ताकीद होती.

"स."

हात वर गेला आणि तिथेच राहिला. डब्यावर. चिमटीत निळं बटण. मग पडलं. मॅडमनी कागदामागून पुन्हा म्हटलं, मध्ये थांबून थांबून, चार वेळा. त्यातली तीन पडली.

"मेहेक," मॅडम कागद खाली करून म्हणाल्या, "शनिवारी डॉक्टरांना मी सांगते. ऑपरेशनची घाई नको. मशिनं काम करताहेत. तीन महिन्यांनी परत बघू. एक मिनिट, लिहून घेते."

अम्मींनी माझा हात घट्ट धरला, त्यांच्या बोटांना अजून स्पिरिटचा गारवा होता. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या.

ठण्. हफ्साने बटण टाकलं.

मॅडमनी वर बघितलं. "मी काही म्हटलं नाही."

ठण्. दुसरं.

"कंटाळली असेल," मी म्हटलं. "हफ्सा, बस."

पण ती डब्याकडे बघत नव्हती. मान वाकडी करून खिडकीकडे बघत होती. अम्मी म्हणाल्या, "थांब गो. ऐक."

मी ऐकलं. आधी काहीच नाही. मग ते आलं, इतकं सतत आणि इतकं ओळखीचं, की लग्न होऊन इथे आल्यावर पहिल्या आठवड्यानंतर मी ते कधी ऐकलंच नव्हतं. दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो, आणि मागच्या सुरूच्या बनातून जाताना एकच अक्षर म्हणत जातो. स. न थांबता.

"काय आहे ते?" मॅडमनी विचारलं. "मला इथे काही ऐकू येत नाही."

मी माईक उचलून खिडकीत धरला. मॅडम कान देऊन बसल्या. माझ्यामागे हफ्सा बटणामागून बटण टाकत होती, पांढरं, काळं, शेरवानीचं सोनेरी. वारा थांबत नव्हता, म्हणून तीही थांबत नव्हती.